पहिल्या पंधरा चाली

यादीतली अकरावी ओळ बाकीच्या पंधरा ओळींपेक्षा उंच होती. फार नाही, स्क्रीनवर पट्टी धरली असती तर चार मिलिमीटरचा फरक भरला असता. सोळा खेळाडू, सोळा ओळी, प्रत्येक ओळीत नाव, मानांकन, मानधन आणि शेवटच्या रकान्यात हिरवी बरोबरची खूण. अकराव्या ओळीतलं नाव आखूड होतं, एका ओळीत मावून पुढे जागा उरत होती. तरी ओळ दोन ओळींइतकी उंच. म्हणजे फाईल जुनीच होती, आधी तिथे एक लांबलचक नाव होतं, त्याचं आडनाव खाली उतरत होतं, आणि ज्याने कुणी ते पुसून दुसरं घातलं त्याला ओळीची उंची कमी करायचं सुचलं नव्हतं. ती चहाचा कप हातात धरून त्या रिकाम्या चार मिलिमीटरकडे बघत राहिली. फाईलसोबत निमंत्रणप्रमुखाचा छोटा मेल होता. दुपारी तीनला खेळाडूंबरोबर शेवटची बैठक, करारावर आजच सह्या. आणि खाली : ‘डॉक्टर, तुम्ही नुसत्या बसा. तपासणीबद्दल कुणी विचारलंच तर सगळ्यांना एकच निकष लावलाय एवढं म्हणा. बाकी मी बघतो.’

डॉक्टर तिला तो एकटाच म्हणे. तिची पदवी संख्याशास्त्रातली होती, आणि ऑनलाइन बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम एका वाक्यात सांगता येण्याजोगं होतं : खेळाडू स्वतःच्या डोक्याने खेळतोय की आडून संगणकाचं बघून खेळतोय, हे आकड्यांवरून ताडायचं. प्रत्येक चाल संगणकाच्या सर्वोत्तम चालीशी ताडून बघायची, त्यातून एक आकडा काढायचा. आकडा एका मर्यादेच्या आत असला की हिरवी खूण. ती खूण असल्याशिवाय निमंत्रण जात नसे. नऊ वर्षांत तिने हजारो आकडे काढले होते आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. हे वाक्य तिने गेल्या सात महिन्यांत मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्याचा अर्थ गेला होता, नुसती चाल उरली होती. एकही खोटा नव्हता. एकही नाही.

‘‘तो नाक पुसणारा दिसत नाही हल्ली,’’ आतून आई म्हणाली. आई सकाळी टॅब्लेटवर जुने डाव बघायची, आवाज बंद करून. बुद्धिबळातलं तिला काही कळत नसे. तिला माणसांचे चेहरे बघायला आवडत. कोण हरायला लागला की कान खाजवतो, कोण जिंकायच्या आधी पाणी पितो, हे तिला सगळं पाठ.

‘‘कोण?’’

‘‘आपल्याकडे नळ तोडून गेला होता तो.’’

‘‘आई, नळ आधीपासून ढिला होता.’’

‘‘म्हणजे कळलं तुला कोण ते.’’ टॅब्लेटवर बोट घासल्याचा आवाज आला. ‘‘बरं नाहीये का त्याला?’’

‘‘बराय.’’

‘‘मग बोलवत का नाहीत? तुमचंच ऑफिस ना ते?’’

तिने कप धुतला. कप धुवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ नळ सुरू ठेवला. पाण्याच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही. लहानपणापासूनची तिची ही युक्ती आईला माहीत होती, त्यामुळे नळ बंद होईपर्यंत आईही थांबली, आणि मग काही विचारलंच नाही, हे जास्त वाईट होतं.

त्या नाक पुसणाऱ्याला मास्तर हे नाव सोळाव्या वर्षीच पडलं होतं, कारण तो सगळ्यांच्या चुका सांगत सुटायचा. ती चौदाची. दोघं एकाच सरांकडे शिकत. सरांची एक वही होती, हाताने लिहिलेली, तिच्या प्रती काढून त्यांनी पाच-सहा मुलांना दिल्या होत्या. तिच्यात सरांनी स्वतः शोधलेला एक डाव होता, काळ्याचा. नवव्या चालीला घोडा देऊन टाकायचा आणि पुढे सव्विसाव्या चालीपर्यंत समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. सर तो पाढ्यासारखा म्हणून घेत. पट नाही, सोंगट्या नाहीत, पाच मुलं चटईवर बसून हेल काढून चाली म्हणतायत, आणि मास्तर मध्येच तिला कोपराने ढोसतोय : ‘‘एकविसावी चुकलीस. उंट नाही, हत्ती.’’ तो डाव कुठल्याही पुस्तकात नव्हता, पुढे आलेल्या कुठल्याही संग्रहात गेला नाही. सर गेले. त्या मुलांपैकी एक परदेशात औषधांच्या धंद्यात, एक कुठे कुणाला ठाऊक नाही. ती वही पाठ असलेली माणसं जगात आता तीन, फार तर चार असतील. त्यांतला एक मास्तर. आणि एक ती.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. काच थंड होती, तिने कपाळ टेकवलं. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी पडद्याच्या कापडाचं माप सांगत होती, दोन चाळीस, नाही गं, दोन चाळीस, आणि तिला त्या आकड्याचा हेवा वाटला. मोजलं, तेवढं निघालं, सांगितलं. तिचं एक वाक्य असं होतं, खरं, मोजलेलं, तपासलेलं, आणि त्या वाक्याने एका माणसाला सात महिने घरात बसवलं होतं. सुरुवात अगदी साधी झाली. वरच्या चार खेळाडूंना नुसत्या हजेरीचे पैसे मिळत, बाकी बारा जणांना जिंकले तरच. पहिल्या फेरीत हरला तो तीन दिवस दोन-दोन कॅमेऱ्यांसमोर बसून रिकाम्या हाताने उठणार. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, सगळे आपापल्या घरात कुरकुरत होते. मास्तर पहिल्या फेरीत हरला आणि हरल्यानंतरच्या मुलाखतीत, हजारो लोक बघत असताना, रुमालाने नाक पुसत म्हणाला, ‘‘तीन दिवस माझ्या बायकोने मिक्सर लावला नाही. मुलगी चवड्यांवर चालत होती. ही भरपाई तुमच्या कुठल्या रकान्यात येते, तेवढं सांगा.’’ लोक हसले. आठवड्याभरात अकरा खेळाडूंनी पत्रावर सह्या केल्या.

आणि त्यानंतरच्या सोमवारी निमंत्रणप्रमुख तिच्या टेबलाशी आला. वाईट माणूस नव्हता तो. दाराशी आलं की आधी दुसऱ्याला आत जाऊ देणारा, तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दोनदा फोन करणारा. टेबलाच्या कडेला टेकून तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, मास्तरची तपासणी काढायची होती.’’

‘‘महिन्यापूर्वीच काढलीय. तीनशे डाव. काही नाही त्यात.’’

‘‘ती बघितली मी. शेवटचे चाळीस काढा ना फक्त. ताजे ताजे.’’

‘‘सगळ्यांचे तीनशे घेतो आपण. चाळिसात आकडा हलतो.’’

‘‘हलू दे की. हलतो म्हणून लिहा. तुम्ही जे लिहाल तेच वर जाईल, मी एक अक्षर बदलणार नाही. झालं?’’

आणि त्याने शब्द पाळला. एक अक्षर बदललं नाही. तिच्या अहवालात नऊ वाक्यं होती, त्यांतलं सहावं त्याने उचललं आणि तेवढ्यावर मास्तरचं निमंत्रण थांबवलं : ‘आकडा मर्यादेच्या आत, परंतु वरच्या टोकाशी आहे.’ पुढची तीन वाक्यं नमुना लहान असल्याबद्दलची होती. ती कुणी वाचली नाहीत, आणि ती वाचली जाणार नाहीत हे लिहिताना तिला माहीत होतं. पण तिची झोप उडायचं खरं कारण हेही नव्हतं. एवढंच असतं तर ती चांगली झोपली असती, निमंत्रणप्रमुखावर चिडली असती, चार मैत्रिणींना सांगून मोकळी झाली असती. दुसऱ्याने आपलं वाक्य तोडलं याचा राग करता येतो. तिची अडचण पाचव्या वाक्याची होती. ते वाक्य पूर्ण होतं, कुणी तोडलेलं नव्हतं.

त्या चाळीस डावांपैकी तेवीस डाव एकाच दिवशीचे होते. एका रुग्णालयासाठी पैसे गोळा करायला मास्तर दिवसभर बसला होता. मी काळ्या सोंगट्या घेतो, मला हरवून दाखवा, असं त्याने चांगल्या चांगल्या खेळाडूंना आव्हान दिलं होतं. तिने पहिला डाव उघडला, दुसरा उघडला. तिसऱ्या डावात नववी चाल आली. घोडा. तिचा हात माउसवरच थांबला. दहावी, अकरावी, बारावी. तिचे ओठ आपोआप हलायला लागले, हेलासकट. एकविसावी, हत्ती. तो सरांची वही खेळत होता. तेवीसच्या तेवीस डाव, समोरचा कुठेही वळला तरी त्या फाट्याचं उत्तर वहीत होतंच. सव्विसाव्या चालीपर्यंत तो विचार करत नव्हताच, पाढे म्हणत होता, आणि आयुष्यभर घोटलेल्या पाढ्यात चूक कशी निघणार? संगणकाला मात्र त्यात एक माणूस दिसत होता जो सोळाव्या चालीपासून सव्विसाव्या चालीपर्यंत एकदाही चुकत नाही.

पहिल्या चाली सगळ्यांनाच पाठ असतात म्हणून त्या मोजायच्या नाहीत, असा नियम होता. पंधरा चालींवर रेघ. पाठांतर त्यापुढे जात असेल तर तपासणाऱ्याने रेघ हाताने पुढे सरकवायची. यासाठीच तर तिथे माणूस बसवला होता, नाहीतर यंत्राने भागलं असतं. एक बाण धरायचा आणि पंधरावरून सव्विसावर ओढायचा. अंतर स्क्रीनवर दीड सेंटिमीटर असेल. तिने बाण धरलाही. मग सोडला. आकडा वर चढत मर्यादेला जाऊन टेकला, आणि तिने पाचवं वाक्य लिहिलं : ‘नियमानुसार पहिल्या पंधरा चाली वगळल्या आहेत.’ वाक्य खरं होतं. जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाने ते डाव पुन्हा तपासले असते तरी त्याला त्यात काही सापडलं नसतं, कारण ती वही त्याने पाहिलेली नसती.

का, हे तिने स्वतःला सरळ विचारायला चार महिने घेतले. नोकरी जाईल अशी भीती? थोडी. निमंत्रणप्रमुखाचं मन मोडवेना? तेही असेल. पण या कारणांखाली आणखी एक होतं, आणि ते बस सिग्नलला थांबली की वर यायचं. आकडा चढत असताना, दशांशानंतरचे अंक एकामागून एक बदलत असताना, तिला क्षणभर बरं वाटलं होतं. छातीत एक ऊबदार, हलकं काहीतरी. एका सेकंदाहून जास्त नव्हतं ते. कदाचित दोन. ती सतराव्या वर्षी खेळणं सोडून अभ्यासाला लागली होती, सगळ्यांनी शहाणी म्हटलं होतं. आणि तो, जो बारावीला दोनदा बसला होता, तो जगभर नाक पुसत फिरत होता. त्याने तिला कधी कमी लेखलं नव्हतं. उलट एकदा, मुलांच्या-मुलींच्या स्पर्धेत दोघंही पहिले आले तेव्हा, मुलांना रोख बक्षीस आणि मुलींना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तर हा सोळा वर्षांचा पोरगा स्टेजवर उभा राहून आयोजकांना म्हणाला होता, ‘‘तिने माझ्याइतकेच डाव जिंकलेत. तिला घड्याळ कशाला? मलाच द्या, माझ्याकडे नाहीये.’’ सभागृह हसलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आणि ती, कान तापून लाल झालेली, घड्याळ छातीशी धरून पुटपुटली होती, ‘‘नको नको, मला चालेल.’’ आयोजक खूश झाले. मास्तरने तिच्याकडे बघितलं, रागाने नाही. जरा बुचकळ्यात पडल्यासारखं. परतीच्या प्रवासात त्याने तो विषय काढला नाही. पुढे तिला कळलं की त्या उद्धटपणासाठी त्याला पुढच्या वर्षीच्या संघातून वगळलं होतं. त्याने तेही कधी सांगितलं नाही.

अहवाल गेल्यानंतर तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला होता. इतक्या वर्षांत पहिलाच, कामाचा. ‘तुझ्याकडे तपासणी असते ना? माझं काय निघालं ते सांगता येत असेल तर सांग. येत नसेल तर राहू दे.’ तिने पाच उत्तरं लिहून पुसली. सहावं पाठवलं : ‘नियमामुळे सांगता येत नाही.’ पलीकडून दोन मिनिटांत आलं : ‘बरोबर आहे तुझं. आईंना नमस्कार सांग.’ तो नमस्कार तिने अजून पोचवला नव्हता. रोज सकाळी आई टॅब्लेट घेऊन बसली की तो तिच्या जिभेशी यायचा, आणि ती नळ सोडायची.

ऑफिसची काचेची खोली दुपारी तापायची. निमंत्रणप्रमुखाने पडदे अर्धे ओढून ठेवले होते, त्यामुळे टेबलाच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली. तिने सावलीतली खुर्ची घेतली. समोरच्या भिंतीवर सोळा चौकोन उजळले, सोळा घरं : कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे वाळत घातलेला टॉवेल, एकाची मांजर कॅमेऱ्यावरून शेपूट फिरवत गेली. अकराव्या जागेवर ज्याचं आखूड नाव होतं तो विशीतला मुलगा सगळ्यांना दोन-दोनदा नमस्कार करत होता. खेळाडूंच्या वतीने बोलणारी मुलगी पंचविशीची, स्वतः पहिल्या सहांतली. आवाज बारीक, पण एकेक शब्द ठाम.

‘‘मसुदा वाचला आम्ही,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही मानधन, हे तुम्ही मान्य केलंत, त्याबद्दल आभार. मांजराच्या मालकांनी आधी सही करावी, मांजर साक्षीदार.’’

हशा पिकला. निमंत्रणप्रमुखही हसला. ‘‘मांजराचं मानधन वेगळं बोलू,’’ तो म्हणाला.

‘‘बोलू. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट.’’ तिने कॅमेऱ्याकडे नाही, खाली कागदाकडे बघितलं. ‘‘ही मागणी मास्तरची होती. आम्ही त्याच्या मागे सह्या केल्या. आज मागणी मान्य झाली आणि तो यादीत नाही. सलग तीन स्पर्धा झाल्या. का नाही, ते आम्हाला त्याला सांगायचंय.’’

‘‘निमंत्रणं का गेली नाहीत, हे आपण कुणाच्याच बाबतीत उघड करत नाही. त्याच्याच भल्यासाठी.’’

‘‘त्याच्या भल्याचं सांगू? तुम्ही काही बोलत नाही म्हणून लोक बोलतात. त्याच्या मुलीला शाळेत विचारतात, तुझे बाबा कानात काय घालतात. त्याने क्लास सुरू केला होता, आठ मुलं होती, दोन राहिली.’’

वाळत घातलेल्या टॉवेलवाल्याने पाणी प्यायलं. क्लासचं तिला माहीत नव्हतं. आठातून दोन, टक्केवारी तिच्या डोक्यात आपोआप निघाली, पंचाहत्तर टक्के घट, आणि ती निघाली याचीच तिला शिसारी आली. चटई असेल का त्याच्याही क्लासमध्ये? त्या दोन मुलांना तो हेल काढून म्हणायला लावत असेल, कोपराने ढोसत असेल? ऊन टेबलावरून सरकत तिच्या वहीच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. तिने वही मागे घेतली. एक गोष्ट तिला अगदी स्वच्छ दिसत होती, जशी एखाद्या गणितात शेवटची पायरी दिसते : सगळे सह्या करतील. त्यांचं चुकतही नाही, पैसे त्यांच्या हक्काचे आहेत, घर त्यांनाही चालवायचंय. करार होईल, तपासणीचा निकाल गोपनीय हे कलम त्यात आहेच, आणि मग कुणी विचारणारच नाही. उद्यापासून तिला कुणी काही विचारणार नाही. याची तिने सात महिने वाट बघितली होती.

‘‘हे बघा,’’ निमंत्रणप्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘‘माझा व्यक्तिशः कुणावर राग नाही. तपासणी मी करत नाही. ती या करतात, आणि यांच्या कामाकडे आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही. सगळ्यांना एकच निकष. डॉक्टर, सांगा ना एकदा यांना, म्हणजे विषय संपेल.’’

त्याने मायक्रोफोन तिच्याकडे सरकवला. माना वळल्या. भिंतीवरच्याही, कारण तिचा चेहरा आता त्यांच्या सगळ्यांच्या पडद्यावर मोठा झाला असणार. कान तापले. हा ताप तिच्या ओळखीचा होता, तो कानाच्या पाळीपासून सुरू होऊन गळ्यापर्यंत उतरतो आणि मग तोंडातून काहीतरी मवाळ, सगळ्यांना बरं वाटेल असं बाहेर पडतं. ते शब्द तयारही होते. सगळ्यांना एकच निकष. तीन शब्द, कुणी पुरावा मागणार नाही. तिने तोंड उघडलं, ओठ हलवले. आपल्याला काय होईल याचा हिशोब मनात सुरू झाला होता : घराचं भाडं, आईच्या डोळ्यांचे दर महिन्याचे थेंब, पन्नाशीला आलेल्या बाईला नवी नोकरी. त्याचा शेवट तिला कळत नव्हता, आणि तो कळेपर्यंत थांबलं तर आपण कधीच बोलणार नाही एवढं मात्र कळत होतं.

‘‘माइक बंद आहे का तुमचा?’’ बारीक आवाजाच्या मुलीने विचारलं.

‘‘नाही, सुरू आहे,’’ ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला भिंतीवरून उलटा ऐकू आला, तिच्या अंदाजापेक्षा मोठा. ‘‘एकच निकष लावलेला नाही. तुमच्या प्रत्येकाचे तीनशे डाव तपासले, त्याचे चाळीस.’’

‘‘डॉक्टर, एक मिनिट,’’ निमंत्रणप्रमुखाने हात पुढे केला.

‘‘तुम्ही सांगितलंत म्हणून चाळीस घेतले, ते तुमचं. पुढचं माझं आहे.’’ ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. ‘‘त्या चाळिसातल्या तेवीस डावांत तो सव्विसाव्या चालीपर्यंत जे खेळला ते त्याला लहानपणापासून पाठ आहे. मलाही पाठ आहे, एकाच सरांकडे शिकलो आम्ही. त्या चाली मोजायच्याच नव्हत्या. मी मोजल्या. चुकून नाही. तो निर्दोष आहे, आणि ते मला अहवाल लिहिताना माहीत होतं.’’